डब्यावरचा 333

डबाबंद टोमॅटोच्या किंवा कॅल्शियम घातलेल्या फळरसाच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत कधीकधी 333 हा आकडा दिसतो. हे कॅल्शियम सायट्रेट, म्हणजे लिंबातलं आम्ल आणि कॅल्शियम यांचा क्षार. आकडा दिसला की रसायनाच्या धास्तीने डबा परत ठेवणारे पुष्कळ. फ्रान्समध्ये 1970च्या दशकात अशा आकड्यांची एक यादी व्हिलज्यूइफच्या कर्करोग रुग्णालयाच्या नावावर हातोहात फिरली. तिच्यात सर्वांत घातक ठरवलं होतं 330ला, म्हणजे साध्या सायट्रिक आम्लाला! रुग्णालयाने हात झटकले, तरी ती यादी वर्षानुवर्षं फिरतच राहिली.

खरं तर या क्षाराशिवाय शुद्ध सायट्रिक आम्ल हाती लागलं नसतं. 1784 मध्ये स्वीडनच्या कार्ल शेलेने लिंबाच्या रसात खडू घातला. तळाशी पांढरा साका बसला, तोच हा कॅल्शियम सायट्रेट. त्यावर गंधकाम्ल ओतताच कॅल्शियम जिप्सम होऊन वेगळं झालं आणि आम्लाचे स्फटिक मिळाले. कॅल्शियम सायट्रेटचा स्वभावही उफराटा. मीठ-साखर गरम पाण्यात जास्त विरघळतात, हा मात्र कमी. म्हणून रस तापवायचा आणि साका गरम पाण्यानेच धुवायचा. एकोणिसाव्या शतकात सिसिलीतून हाच साका परदेशी कारखान्यांकडे जाई. 1917 मध्ये जेम्स करी यांनी काळ्या बुरशीकडून साखरेचं सायट्रिक आम्ल करून घेण्याची रीत प्रसिद्ध केली, दोन वर्षांत अमेरिकेत फायझरने तसं उत्पादन सुरू केलं आणि इटलीची मक्तेदारी ओसरू लागली. लिंबू गेलं, पण बुरशीच्या द्रावातून आम्ल वेगळं काढायला पुन्हा चुना आणि तेच गंधकाम्ल लागलं.

डबाबंद टोमॅटोत हा क्षार फोडींचा लगदा होऊ देत नाही. फळातल्या पेक्टिनच्या साखळ्या कॅल्शियममुळे एकमेकींना धरून राहतात. पेठ्यासाठी कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या निवळीत ठेवतात, त्यामागचं कारणही हेच. शिवाय पदार्थाचा आंबटपणा आटोक्यात ठेवायलाही हा क्षार वापरतात.

कॅल्शियमच्या गोळ्यांच्या बाबतीत मात्र थोडा हिशेब करावा लागतो. स्वस्त कॅल्शियम कार्बोनेटमध्ये कॅल्शियम 40 टक्के, सायट्रेटमध्ये जेमतेम 21. म्हणून सायट्रेटच्या गोळ्या मोठ्या किंवा जास्त. पण कार्बोनेट अंगी लागायला जठरातलं आम्ल हवं, म्हणून ते जेवणाबरोबर घ्यायचं. सायट्रेटला ती अट नाही. ज्यांच्या पोटात आम्ल कमी तयार होतं किंवा जे रोज ॲसिडिटीची गोळी घेतात, त्यांना ते सोयीचं. वेष्टन वाचताना एवढं पाहा, की लिहिलेलं वजन क्षाराचं आहे की कॅल्शियमचं. 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम सायट्रेटमधून मिळणारं कॅल्शियम साधारण 210 मिलिग्रॅमच असतं.