आईला केंद्रात ठेवताना : स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांसाठी शुश्रूषा केंद्र कसे निवडावे?

महाळुंग्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारे एक बौद्ध कुटुंब. मुलगा चाकण एमआयडीसीत कंत्राटी कामगार, सून एका कंपनीच्या कँटीनमध्ये. वडील वारल्यावर त्यांनी आईला मराठवाड्यातल्या गावाहून इकडे आणले. आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात राबलेली बाई. वर्षभरात तिला जेवल्याचे आठवेना. संध्याकाळ झाली की पिशवी भरून दाराशी उभी राहायची आणि म्हणायची, "मला घरी जाऊ द्या, पोरं वाट बघत असतील." तिचे पोर तिच्या समोरच उभे असायचे. एकदा ती तळेगाव-चाकण रस्त्यावर कंटेनरच्या गर्दीत सापडली. तेव्हापासून दोघेही कामावर जाताना खोलीला बाहेरून कुलूप लावू लागले.

"ताई, कुलूप लावताना हात थरथरतो," मुलगा मला म्हणाला. "पण आईला कुठं ठेवली तर भावकी तोंडात शेण घालील."

ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. पण या पट्ट्यात काम करताना अशी कुलपे मी एकापेक्षा जास्त दारांवर पाहिली आहेत. केंद्रात ठेवणे म्हणजे आईला टाकून देणे, आणि कुलूप लावून घरात ठेवणे म्हणजे सांभाळणे, असा आपला समज झाला आहे. तो तपासून पाहायला हवा.

आधी आजार ओळखा

"साठी बुद्धी नाठी" म्हणून आपण हा आजार हसण्यावारी नेतो. काही घरांत अजूनही बाहेरची बाधा म्हणून अंगारे-धुपारे होतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात तरी हे होऊ नये. स्मृतिभ्रंश म्हणजेच डिमेन्शिया हा मेंदूचा आजार आहे. अल्झायमर हा त्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या 7.4 टक्के लोकांना, म्हणजे सुमारे 88 लाख ज्येष्ठांना, हा आजार आहे. त्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त आढळले. कमी शिक्षण हा या आजाराचा धोका वाढवणारा एक घटक आहे, असे वैद्यकशास्त्र मानते. ज्या पिढीला शाळेच्या बाहेर ठेवले गेले, तिला म्हातारपणीही त्याची किंमत मोजावी लागते, हे आपण लक्षात घेतले पाहिजे.

विसरणारा प्रत्येक माणूस स्मृतिभ्रंशाचाच रुग्ण असतो असे नाही. बी-12 ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, एखाद्या औषधाचा परिणाम यांमुळेही असे होते आणि त्यावर उपचार आहेत. त्यामुळे केंद्र शोधण्याआधी निदान करून घ्या. पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, औंधचे जिल्हा रुग्णालय आणि पुण्याचे ससून ही सरकारी रुग्णालये आपल्या आवाक्यात आहेत. कामगाराला ईएसआय लागू असेल तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही उपचार मिळू शकतात. त्यासाठी चिंचवडच्या मोहननगरला राज्य कामगार विमा रुग्णालय आहे. कार्डावर आईचे नाव घातले आहे का, ते आजच बघा.

बोर्ड वाचायला शिका

आपल्याकडे 'नर्सिंग होम' लिहिलेली जागा बहुतेक वेळा छोटे हॉस्पिटल असते. त्याची नोंदणी 1949 च्या नर्सिंग होम कायद्याखाली होते. तिथे ऑपरेशन, बाळंतपण होते; वर्षानुवर्षे राहायची सोय नसते.

दुसरी जागा वृद्धाश्रम. बरेच वृद्धाश्रम स्वतःचे स्वतः करू शकणाऱ्या ज्येष्ठांनाच घेतात. आजार लपवून दाखल केले तर काही दिवसांत "घेऊन जा" असा फोन येतो आणि त्या हेलपाट्यात आईचे हाल होतात.

तिसरी जागा म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांसाठीचे शुश्रूषा केंद्र. आपल्याला शोधायचे आहे ते हे. मानसिक आजाराच्या रुग्णांना ठेवून घेऊन त्यांची शुश्रूषा करणाऱ्या संस्थेला 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: नोंदणी कोणती आहे आणि कागद दाखवता का?

तथागतांनी सांगितलेली कसोटी

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. तुझी सेवा कोणी का करत नाही, असे भगवान बुद्धांनी विचारले. मी त्यांच्या काही उपयोगाचा नाही, असे त्याने सांगितले. बुद्धांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, आणि दोघांनी उचलून त्याला खाटेवर ठेवले. मग त्यांनी भिक्खूसंघाला बजावले की, इथे तुमची सेवा करायला आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची सेवा केली पाहिजे.

त्याच ठिकाणी चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत. केंद्र बघायला जाताना मी याच पाच गुणांची यादी सोबत नेते.

पहिला गुण, औषध देता येणे. रात्री ड्युटीवर प्रशिक्षित नर्स असते का? डॉक्टर किती दिवसांनी येतात? औषधाची नोंदवही दाखवतात का? रुग्ण शांत बसावा म्हणून झोपेच्या गोळ्या देतात का आणि त्या कोणाच्या सल्ल्याने?

दुसरा गुण, रुग्णाला काय सोसते आणि काय सोसत नाही हे कळणे. आजार वाढला की घास गिळताना ठसका लागतो. अशा वेळी मऊ जेवण, बसवून भरवणे, पुरेसा वेळ देणे गरजेचे असते. जेवणाच्या वेळी जा आणि एक बाई किती जणांना भरवते ते मोजा. न्हाणीघरात धरायला दांडी आहे का, फरशी निसरडी आहे का, फाटकातून रुग्ण बाहेर जाऊ शकतो का, हेही बघा.

तिसरा गुण, लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करणे. केंद्र पैसे घेणारच, त्यात गैर काही नाही. पण कर्मचारी रुग्णाला नावाने हाक मारतात की "ए म्हातारे" म्हणतात? रुग्ण तोच प्रश्न दहाव्यांदा विचारतो तेव्हा उत्तर कसे देतात? बांधून ठेवतात का, हे सरळ विचारा. कायद्यानुसार ताबडतोब इजा होण्याचा धोका टाळायला दुसरा मार्गच नसेल, तेव्हाच आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने रुग्णाला बांधता येते. शिक्षा म्हणून किंवा माणसे कमी आहेत म्हणून बांधता येत नाही. सक्तीने केस भादरणे हेही कायद्याला मान्य नाही.

चौथा गुण, मलमूत्र, थुंकी, उलटी काढताना किळस न वाटणे. इथे नाक हाच तपासनीस. डायपर किती वेळाने बदलतात? पडून असलेल्या रुग्णाची कूस किती वेळाने बदलतात? पाठीला जखमा आहेत का? फिनेलच्या वासाने फसू नका.

पाचवा गुण, रुग्णाचे मन वेळोवेळी धम्माच्या बोलण्याने प्रसन्न करणे. दिवसभर टीव्हीसमोर बसवून ठेवणे म्हणजे मन रमवणे नव्हे. गाणे, धान्य निवडणे, फेरफटका, गप्पा यातले काय होते?

ही तपासणी एका भेटीत होत नाही. एकदा सांगून जा, एकदा न सांगता संध्याकाळी जा. त्या वेळी अनेक रुग्णांची घालमेल वाढते आणि कर्मचाऱ्यांची पाळीही बदलत असते. वर सांगितलेल्या कुटुंबासोबत मी गेले ते पहिले केंद्र दिवसा चकचकीत होते. पुन्हा संध्याकाळी गेलो, तेव्हा दोन आज्या ओढणीने खुर्चीला बांधलेल्या होत्या. आम्ही तिथूनच परतलो.

आपल्या घराचे वेगळे प्रश्न

हे प्रश्न इतर कोणत्या यादीत सापडणार नाहीत, पण आपण विचारलेच पाहिजेत. उशाशी बुद्ध-बाबासाहेबांचा फोटो ठेवू देतात का? आरतीला सगळ्यांना बसवतात का, की बसायचे नसेल तर चालते? मांसाहाराला बंदी आहे का? फॉर्ममध्ये जात विचारतात का आणि कशासाठी? जेवणाची पंगत, पाण्याचा माठ, खोलीतला शेजार यांत भेदभाव दिसतो का?

याला हट्ट म्हणू नका. या आजारात कालचे पुसले जाते, जुने मात्र बराच काळ टिकते. आपल्या आजीकडे उरलेले ते जुने म्हणजे भीमगीते, वंदना, 'जयभीम'. जिथे ते चालत नाही, तिथे तिचे उरलेले जगही काढून घेतले जाते. पण दुसरीही बाजू आहे. जुन्या आठवणींत लहानपणीचा गावकुसाबाहेरचा अपमानही असतो. कोणी दरडावले तर ती म्हातारी अंग चोरून जमिनीवर बसते, असे मी पाहिले आहे. दाखल करताना कर्मचाऱ्यांना तिच्या आयुष्याची एक पानभर माहिती लिहून द्या: काय आवडते, कशाची भीती वाटते, काय म्हणून हाक मारलेली चालते.

आणखी एक. तिथे राबणाऱ्या मावश्या बहुतेक आपल्याच वस्त्यांतल्या असतात. त्यांना पगार किती, पाळी किती तासांची, सुट्टी, पीएफ आहे का, हे विचारा. सिगालोवाद सुत्तात मुलांची आईवडिलांविषयीची कर्तव्ये आहेत, तशीच मालकाची कामगारांविषयीचीही आहेत: झेपेल तेवढे काम, योग्य वेतन, आजारपणात काळजी, वेळेवर सुट्टी. जिथे मावशी दर महिन्याला बदलते, तिथे रुग्णाची ओळख कोणालाच राहत नाही.

कायदा आणि पैसा

2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार ज्येष्ठांना कायमचे टाकून देण्याच्या हेतूने कुठे सोडणे हा गुन्हा आहे. त्याला तीन महिने कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. चांगल्या केंद्रात ठेवून खर्च भागवणे, भेटायला जाणे, निर्णयात सोबत राहणे हे टाकून देणे नव्हे. भावंडे वाटा उचलत नसतील तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाहासाठी अर्ज करता येतो. आपल्या खेड तालुक्यासाठी ते राजगुरुनगरला आहे. आई दाखल झाली म्हणून घराच्या किंवा जमिनीच्या कागदावर तिचा अंगठा घेऊ नका. तिला त्याचा अर्थ कळत नसेल तर ती फसवणूकच आहे.

खर्चाबाबत भाबडे राहून चालणार नाही. खासगी केंद्राचा महिन्याचा खर्च कंत्राटी कामगाराच्या पगाराएवढा किंवा त्याहून जास्त होऊ शकतो. श्रावणबाळ योजनेचे महिना 1500 रुपये त्यात कुठेच पुरत नाहीत. सत्तरीपुढच्यांना मिळणारे आयुष्मान वय वंदना कार्ड रुग्णालयातल्या उपचारांसाठी आहे, अशा केंद्रात राहण्यासाठी नाही. म्हणून डायपर, औषधे, अनामत रक्कम, रुग्णालयात हलवण्याचा खर्च कोणाचा, अनामत परत कधी मिळणार, हे सगळे लेखी घ्या. भावंडांचे वाटेही लिहून ठेवा. माहितीसाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567 आणि मानसिक आरोग्याची टेलिमानस 14416 या दोन्ही क्रमांकांवर मोफत फोन करता येतो.

दाखल केल्यावर काम संपत नाही

पहिले काही आठवडे आई रडेल, घरी चल म्हणेल. याचा अर्थ निवड चुकली असा लगेच काढू नका. मात्र वजन घटले, अंगावर वळ दिसले, आई सतत गुंगीत दिसली किंवा भेटीला आडकाठी झाली तर थांबू नका. भेटीला येणाऱ्यांना भेटणे हा रुग्णाचा हक्क आहे. आठवड्याला एक भेट, दर वेळी वेगळ्या वेळेला, हा नियम करा.

त्या आईचे पुढे काय झाले? मुलगा आणि सून यांनी आधी वेगवेगळ्या पाळ्या मागून घेतल्या. दुपारच्या वेळी विहारातल्या दोन उपासिका आळीपाळीने येऊन बसू लागल्या. दारावरचे कुलूप निघाले. आठ महिने असे चालले. मग रात्रीची झोप पूर्ण गेली, ती दोनदा पडली, तेव्हा तीन भावंडांनी मिळून खर्च वाटून घेतला आणि पाहून-पारखून एक केंद्र निवडले. दर रविवारी कोणी ना कोणी जाते. तिला मुलाचे नाव आठवत नाही. त्याने त्रिसरण सुरू केले की ती हात जोडते आणि शेवटपर्यंत सोबत म्हणते.

ते आठ महिने कुटुंबाला मिळाले ते विहारामुळे. कार्यकर्त्यांना माझे सांगणे एवढेच आहे. महाळुंग्यापासून जवळच, देहूरोडला, 25 डिसेंबर 1954 रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्या परिसरातली आपली विहारे जयंतीला भरतात आणि एरवी दिवसभर बंद असतात. आठवड्यातले तीन दिवस, दुपारचे चार तास, ज्येष्ठांसाठी ती उघडता येतील का? 2007 च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान 150 जणांचे एक वृद्धाश्रम सुरू करण्याची तरतूद आहे. आपल्या जिल्ह्यात त्याचे काय झाले, हे माहितीच्या अधिकारात विचारता येईल का? केंद्र सरकारच्या ज्येष्ठांसाठीच्या योजनेत स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचे निवासी केंद्र चालवायला संस्थांना अनुदान मिळू शकते. आपल्या नोंदणीकृत संस्थांनी त्यासाठी अर्ज करायला काय हरकत आहे?

तो भिक्खू म्हणाला होता, मी कोणाच्या उपयोगाचा नाही. कारखान्यांच्या या पट्ट्यात जो उत्पादन करत नाही त्याला असेच वाटायला लावले जाते. त्याला उत्तर देण्याची जबाबदारी एकट्या सुनेची नाही. ती संघाची, म्हणजे आपल्या सगळ्यांची आहे.

जयभीम, नमो बुद्धाय.