कठड्याचा पाइप आतून

सकाळी ६. चाकणचा तळेगाव चौक तुंबायच्या आत बस पुढे निघाली की बरं वाटतं. गेटवर कार्ड मारून मी आधी केटलपाशी जाते, म्हणजे वितळलेल्या झिंकच्या (जस्ताच्या) टाकीपाशी, जिथे लोखंड बुडवून (डिप करून) त्यावर जस्ताचा थर चढवतो. रात्रपाळीने झिंक ४५२ अंशांवर सोडलंय. जस्त वितळतं सुमारे ४२० अंशांना, पण आम्ही ते ४५० च्या आसपास ठेवतो. गुरुवारच्या सुट्टीत, दिवाळीतसुद्धा. एकदा झिंक थिजलं की केटल हातची गेलीच म्हणायची.

७.३०. यार्डात आजचा जॉब उतरलाय. अग्निशमन जवानांच्या सरावासाठीचा मनोरा: खांब, जिने, कठडे, उभी शिडी, दोराने खाली उतरायच्या खिडक्यांच्या चौकटी. भोसरीच्या फॅब्रिकेटरने वेल्डिंग सुरेख केलंय. तरी एकेक पाइप मी हाताने फिरवून बघते. एका कठड्याची दोन्ही टोकं चक्क बंद. खडूने फुली मारली आणि फोन लावला.

"मॅडम, होल मारलं तर पावसाचं पाणी आत जाईल ना? आणि दिसतंही वाईट."

"दादा, बंद पाइपात थेंबभर पाणी राहिलं तरी केटलवरची माझी माणसं जातील. एक होल वर, एक खाली. त्याशिवाय मी डिपला घेणार नाही."

पाण्याची वाफ होताना ते दीड हजार पटींहून जास्त फुगतं. बंद पाइपात त्याला वाट मिळाली नाही तर पाइप फुटतो आणि तापलेलं झिंक अंगावर येतं. होल मारण्याचं हे पहिलं कारण. दुसरं मला तितकंच महत्त्वाचं वाटतं: होल असेल तर जस्त पाइपाच्या आतही शिरतं. सरावाच्या मनोऱ्यावर सतत होजचं पाणी पडतं. रंग फक्त बाहेरून लागतो. पाइप आतून गंजत जातो आणि वरून चकचकीतच दिसतो. पाठीवर श्वसनयंत्र, खांद्यावर दुसरा माणूस, समोर धूर, अशा वेळी शिकाऊ जवान तो कठडा न बघता धरणार. त्याने आगीला घाबरावं, कठड्याला नव्हे.

९. बाकीचा जॉब लाइनवर. आधी तेलकटपणा काढायचा, मग पाणी, मग हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड, परत पाणी, शेवटी फ्लक्स. अ‍ॅसिडचा वास नाकात बसतो. इथे घाई केली तर लोखंडावर राहिलेला डाग जस्त झाकत नाही. जस्त तिथे धरतच नाही.

११. डिप. क्रेनवरचे मामा जिन्याची फ्रेम तिरकी धरून सोडतात, म्हणजे हवा वरच्या होलातून निघते आणि झिंक खालून आत चढतं. पृष्ठभागावर राखेची करडी साय येते, दोघे जण ती फळीने मागे ओढतात. खदखद थांबली की लोखंड पुरतं तापलं समजायचं. मामा कोणाकडे न बघता हळूहळू उचलायला लागतात. खालच्या होलातून जस्ताची बारीक धार परत केटलमध्ये पडते. ती सलग पडली की आत काही अडकलेलं नाही, याची खात्री होते.

१.००. डबे उघडले की विषय तळवड्याकडे जातोच. ८ डिसेंबर २०२३ ला तिथे वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाज्या बनवणाऱ्या शेडला आग लागली आणि काम करणाऱ्या बायका होरपळून गेल्या. आमच्यासारख्याच, डबा घेऊन निघालेल्या. मग अशा वेळी धावून जाणाऱ्यांची आठवण निघते. इथून जवळ सुदुंबऱ्याला एनडीआरएफची पाचवी बटालियन आहे. २०१४ ला माळीणवर, २०२३ ला इर्शाळवाडीवर दरड कोसळली, दोन्हीकडे ते जवान चिखलात उतरले होते. १४ एप्रिल १९४४ ला मुंबई गोदीतल्या स्फोटात अग्निशमन दलाचे जवान गेले, म्हणून त्या तारखेला अग्निशमन दिन पाळतात. ही माणसं शिकतात ती जागा भक्कम असावी, एवढं तरी आपल्या हातात आहे.

२.३०. थंड झालेल्या जॉबवर थराची जाडी मोजायचा गेज लावते. जाड लोखंडाला चौरस मीटरला ६१० ग्रॅम जस्त हवं, म्हणजे सुमारे ८५ मायक्रॉन. आकडे बरोबर आहेत, पण शिडीच्या तिसऱ्या पायरीखाली जस्ताचा टोकदार थेंब गोठलाय. इतर जॉबला चालून गेला असता. इथे हातमोजा फाटेल, म्हणून कानशीने काढून घेतला. वरचा थर तेवढाच घासायचा, खालचं लोखंड उघडं पडता कामा नये.

४. ड्रॉइंगवर एक गोष्ट खटकली होती. प्रत्यक्ष आग पेटवायच्या खोलीलाही आतून जीआय, म्हणजे जस्त चढवलेला, पत्रा दाखवलाय. कायम २०० अंशांपुढे जस्ताचा थर सुटायला लागतो, आणि आग भडकली की छताशी ६०० अंशही होतात. तिथे जस्त वितळेल, आणि फार तापलं तर त्याचा धूर श्वासात जाईल. ग्राहकाच्या इंजिनीअरना सांगितलं, त्या खोलीला आतून उष्णतारोधक लाद्या घ्या. आमचा तेवढा माल कमी झाला. होऊ दे.

५.१५. ट्रक भरताना प्रत्येक थरात लाकडी पट्ट्या. पत्र्याला पत्रा चिकटवून ताडपत्री आवळली तर आत घाम धरतो आणि पांढरा गंज चढतो. चाकणच्या पावसात तर हमखास. चलनावर मी लाल पेनाने लिहिलं: उभारणीत खालची होलं पुट्टीने बुजवू नयेत, पाणी तिथूनच निघतं. फुली मारलेला कठडा भोसरीला परत गेला. होलं मारून आला की उद्या डिपला घेऊ.