‘अतिरक्तस्राव’ लिहून भागणार नाही

बाळंतिणीच्या मृत्यूचं कारण म्हणून ‘अतिरक्तस्राव’ असा शेरा पडला की कागदावरचं प्रकरण मिटतं. नंदुरबारच्या धडगाव, अक्कलकुवा भागात खरी चौकशी तिथून सुरू व्हायला हवी. कळा कधी सुरू झाल्या? १०८ला फोन लागला, की पाड्यावर रेंजच नव्हती? बांबूच्या झोळीतून डांबरी सडकेपर्यंत आणायला किती वेळ गेला? रुग्णालयात भूलतज्ज्ञ होते का? रक्ताची पिशवी किती वाजता हाती आली? या पट्ट्यात रक्तक्षय आणि सिकलसेल दोन्ही आहेत. अंगात रक्तच कमी असलेल्या बाईला थोडा रक्तस्रावही झेपत नाही. म्हणून तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तिचं हिमोग्लोबिन किती होतं, हेही विचारावं लागतं.

अशा चौकशीला सरकारदरबारी मातामृत्यू अन्वेषण म्हणतात. गरोदरपणात, बाळंतपणात किंवा त्यानंतर ४२ दिवसांत गरोदरपणाशी निगडित कारणानं आलेला मृत्यू त्यात मोडतो. मग तो रुग्णालयात येवो, घरी येवो की वाटेत. देशपातळीवरच्या सूचना २०१० साली आल्या, २०१७ मध्ये सुधारल्या. आशाताई खबर देतात, पथक घरी जातं, जिल्हा समिती तपासते आणि पुढे जिल्हाधिकारी आढावा घेतात. त्या बैठकीला नातेवाइकांनाही बोलवायचं असतं. मला ही तरतूद सर्वांत मोलाची वाटते. उशीर कुठे झाला हे सासूला, नवऱ्याला ठाऊक असतं. पण ते भिलीत नाहीतर पावरीत सांगणार. मराठी प्रश्नावली पुढे केली तर ‘हो’, ‘नाही’ एवढंच हाती लागतं. ऊसतोडीला गुजरातेत गेलेली बाई तिकडेच दगावली, तर तिची कहाणी दोन राज्यांच्या मध्येच हरवण्याची भीती आणखी.

डॉक्टर-नर्सही मोकळेपणी बोलले पाहिजेत; त्यासाठी नाव उघड होण्याची भीती नको. इंग्लंड-वेल्समध्ये १९५२पासून आणि केरळात २००४पासून अशी तपासणी नावं गुप्त ठेवून होते. २०१८-२०च्या आकडेवारीत लाख जिवंत जन्मांमागे केरळात १९ माता दगावल्या, महाराष्ट्रात ३३, देशात ९७. देशाच्या तुलनेत आपलं राज्य पुढे आहे हे खरं. राज्याच्या सरासरीत सातपुड्यातले पाडे मात्र दिसत नाहीत.

नंदुरबारच्या समितीकडे मागणं एकच: प्रत्येक मृत्यूच्या अहवालाखाली काय बदलणार, कोण बदलणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहा. पुढची बैठक त्याच ओळीपासून सुरू करा. ती ओळ नसलेला अहवाल जिल्हाधिकाऱ्यांनी स्वीकारूच नये.