तक्रारी शून्य आहेत, म्हणजे नेमकं काय?

कंपन्यांच्या वार्षिक अहवालात कुठेतरी मागच्या पानांत एक छोटा तक्ता असतो. लैंगिक छळाच्या तक्रारी: आलेल्या शून्य, निकाली काढलेल्या शून्य, प्रलंबित शून्य. या पानावर सहसा कुणी थांबत नाही. कम्प्लायन्सची व्यवस्था सतत सुधारत राहायची म्हणजे काय करायचं, हे आज मी या एका शून्यावरूनच सांगणार आहे.

आधी कायदा, थोडक्यात. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखा मार्गदर्शक तत्त्वं दिली, २०१३ मध्ये त्यांचा कायदा झाला. आपण त्याला ‘पॉश’ म्हणतो. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, निम्म्या तरी सदस्य महिला, एक सदस्य बाहेरचा. चौकशी ९० दिवसांत. समितीच नसेल तर ५० हजार रुपयांपर्यंत दंड. हे सगळ्यांना पाठ असतं. समिती नेमली, बोर्ड लावला, वर्षातून एकदा व्हिडिओ दाखवला, झालं कम्प्लायन्स!

आता बघा. कायद्याने तक्रार कोण करू शकतं? फक्त पगारपत्रकावरची कर्मचारी नाही. कंत्राटदाराकडून आलेल्या सफाईच्या मावशी, इंटर्न मुलगी, कामानिमित्त आलेली बाहेरची बाई, सगळ्या. आणि कामाची जागा म्हणजे कंपनीने दिलेली बस किंवा कॅबसुद्धा. बोर्ड मात्र चौथ्या मजल्यावर, एचआरच्या दारापाशी, इंग्रजीत. मावशी सकाळी सहाला येतात, दहाला जातात. त्यांचा पगार कंत्राटदार देतो, म्हणजे तोंड उघडलं तर उद्यापासून काम बंद, असं त्यांना वाटतं. त्यांच्याकडून तक्रार आली नाही, याचा अर्थ तुम्ही काय लावणार?

इथे नवी पॉलिसी लिहून काही होत नाही. बोर्ड मराठीत, हिंदीत करा आणि बायका कपडे बदलतात त्या खोलीत लावा. कंत्राटदाराच्या करारात अट घाला. आणि बोर्डावरचा नंबर एकदा स्वतः फिरवून बघा. ती व्यक्ती अजून नोकरीत आहे ना? सदस्याची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं असते, ती कधी संपली हे कुणाच्या लक्षात आहे का?

तक्रार आलीच, तर तिच्यातून शिकायचं कसं? ‘सगळं गोपनीय आहे,’ असं सांगून फाइल बंद केली जाते. गोपनीयता हवीच. पण नाव, ओळख, पत्ता उघड न करता काय न्याय मिळाला ते सांगायला कायद्यातच मुभा आहे, ती फारसं कुणी वापरत नाही. शिवाय तीन तक्रारी एकाच रात्रपाळीतल्या किंवा एकाच बसमार्गावरच्या असतील, तर पाळी आणि मार्ग बदलणं हे व्यवस्थापनाचं काम आहे. त्यासाठी समितीच्या शिफारशीची वाट कशाला बघायची?

चौकशी नीट होणं हाही याचाच भाग. गोवा विद्यापीठात २००९ मध्ये एका प्राध्यापकांविरुद्ध विद्यार्थिनींच्या तक्रारी आल्या. समितीने घाईघाईने चौकशी उरकली, त्यांना बाजू मांडायला पुरेसा अवसर दिला नाही. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवलं. चौदा वर्षं! त्यात त्या मुलींनाही न्याय नाही, प्राध्यापकांनाही नाही. (ही कंपनी नव्हे, विद्यापीठ; पण समितीचं काम तेच.) त्याच निकालात न्यायालयाने एका बातमीचा दाखला दिला होता: ३० राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी १६ ठिकाणी अंतर्गत समितीच नव्हती.

एक गोष्ट संचालकांना आधीच सांगून ठेवा. हे सगळं नीट केलंत, तर पहिल्या वर्षी आकडा बहुधा वाढेल. आधी सांगितलं नसेल तर तो कम्प्लायन्स अधिकाऱ्याचा नाकर्तेपणा ठरतो, आणि पुढच्या वर्षी शून्य परत आणण्याची सोय केली जाते.

श्रोत्यांमधून एक चिठ्ठी आलीय: ‘आमच्याकडे आठच माणसं आहेत, मग काय?’ तिथे जिल्ह्याची स्थानिक समिती असते. आणि तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर कंपनी कितीही मोठी असली तरी त्याच समितीकडे जाता येतं. तुमच्या बोर्डावर हे लिहिलंय का, उद्या बघून घ्या.