मळ्यातल्या घरापर्यंत केबल: समज आणि वस्तुस्थिती

सटाण्याच्या आसपास बरीच घरं गावठाणात नाहीत, मळ्यात आहेत. शेवटचा खांब रस्त्याकडेला, घर डाळिंबाच्या बागेपलीकडे. मीटर खांबापाशी असेल तर पुढची केबल ग्राहकाने स्वतःच्या खर्चाने टाकायची. मग सल्ले चहूबाजूंनी येतात. त्यातले काही महागात पडतात, काही जिवावर बेततात.

गैरसमज: लोड कमी आहे, बारीक केबल पुरेल.
वस्तुस्थिती: केबल तापणार की नाही हे लोडवर ठरतं, पण घरात व्होल्टेज किती उरणार हे अंतरावरही ठरतं. ६ स्क्वेअरच्या (चौरस मिलिमीटर) ॲल्युमिनियम केबलचा रोध किलोमीटरला ४.६१ ओहम असतो. घर २०० मीटरवर असेल तर प्रवाहाला जाऊन-येऊन ४०० मीटर चालावं लागतं. गिझरने १० अँपिअर ओढले की वाटेतच सुमारे १८ व्होल्ट गळतात, २३० चे २१२ राहतात. १६ स्क्वेअर टाकली तर हीच घट आठाच्या आत येते. शिवाय बारीक केबलमध्ये उष्णता होऊन वाया जाणारे सुमारे १८४ वॅट मीटरमधूनच गेलेले असतात, त्यांचंही बिल येतं.

गैरसमज: व्होल्टेज पडलं तर स्टॅबिलायझर आहेच.
वस्तुस्थिती: स्टॅबिलायझर घरातलं व्होल्टेज चढवतो ते केबलमधून जास्त प्रवाह ओढून. प्रवाह वाढला की केबलमधली घटही वाढते.

गैरसमज: फूटभर चारी पुष्कळ झाली.
वस्तुस्थिती: घरगुती दाबाच्या केबलसाठी आयएस १२५५ या भारतीय मानकात ७५ सेंटिमीटर, म्हणजे अडीच फूट खोली सांगितली आहे. फूटभर खोलीवर ट्रॅक्टरचा नांगर सहज पोहोचतो. तळाला वाळू, तीवर केबल, पुन्हा वाळू आणि वर विटांचा थर द्यावा. उद्या कुणी खणलं तर कुदळ आधी विटेवर आपटते. मुरमातले टोकदार दगड थेट केबलवर लोटू नयेत. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, म्हणून केबल ताणून न टाकता थोडी नागमोडी, सैल ठेवावी.

गैरसमज: पाइपात घातली की साधी वायर चालते.
वस्तुस्थिती: पाइपात पाणी शिरतं आणि साचून राहतं. घरातल्या भिंतींसाठीची वायर अशा ओलीत वर्षानुवर्षं टिकण्यासाठी बनवलेली नसते. जमिनीत आर्मर्ड, म्हणजे धातूचं कवच असलेली केबलच हवी, शक्यतो अखंड. जोड टाळता येत नसेल तर तो जमिनीखालच्या जोडाचं किट वापरूनच करावा. नुसती टेप गुंडाळलेला जोड पहिल्या पावसाळ्यातच दगा देऊ शकतो.

गैरसमज: फेज तेवढी न्या, न्यूट्रलचं काम घराजवळचं अर्थिंग करील.
वस्तुस्थिती: पैसे वाचवण्याची ही युक्ती जीवघेणी आहे. अर्थिंगचा रोध ५ ओहम, म्हणजे चांगल्यापैकी धरला, तरी १० अँपिअरला तिथे ५० व्होल्ट उभे राहतात. ओल्या जमिनीवर चालणाऱ्या बैलाच्या पुढच्या-मागच्या पायांत त्यातला काही भाग लागतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही केबलमधूनच न्यावेत. केबलचा आर्मर अर्थ करावा, घरी स्वतंत्र अर्थिंग घ्यावं आणि वीज गळताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा.

काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्यावं. चारी बुजवण्याआधी त्याच्याकडून मेगरने इन्सुलेशन तपासून घ्यावं आणि केबलचा मार्ग बांधापासूनच्या अंतरासह कागदावर काढून ठेवावा. पुढे ठिबकची पाइपलाइन टाकायला जेसीबी आला की चालकाला आधी तो कागद दाखवायचा.