नोकरीचे पत्र आणि अनामत रक्कम

समजा, आय.टी.आय. झालेल्या तुमच्या मुलाच्या फोनवर पत्र आले: पिंपरीच्या टाटा मोटर्समध्ये निवड झाली, गणवेशापोटी अनामत भरा. तुम्ही म्हणाल, शिक्का तर खरा दिसतो! अहो, शिक्क्याचे काय घेऊन बसलात? तो कुणीही उठवावा. पैसा कोणीकडून कोणीकडे जातो, ते पाहा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे विद्यावेतन कारखान्याने उमेदवाराला द्यायचे असते. भरतीसाठी आपण पैसे घेत नाही, असे टाटा मोटर्सनेही जाहीर केले आहे. पत्रातला नंबर फिरवू नका. पत्र चाकणच्या कारखान्याचे असेल, तर सरळ कंपनीच्या गेटवर जाऊन विचारा. पैसे गेलेच, तर लाजून घरी बसू नका. १९३० या सरकारी क्रमांकावर लगेच कळवले, तर रक्कम कधीकधी वाटेतच अडवता येते.