'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक नव्हे

शेजारच्या काकांनी वजन उतरवण्यासाठी कॅप्सूल आणल्या. डबीवर 'शंभर टक्के नैसर्गिक' असे छापलेले. घटकांत कडू संत्र्याचा अर्क. काका रक्तदाबाची गोळी घेतात, म्हणून मी जरा वाचून पाहिले.

हे फळ स्पेनमधील सेव्हिल शहराच्या नावाने ओळखले जाते. त्याचा मार्मलेड होतो, फुलांपासून सुगंधी नेरोली तेल निघते. कडवटपणा नारिंगिन व निओहेस्पेरिडिन यांचा. त्यात सिनेफ्रिनही असते. त्याची रचना इफेड्रिनशी मिळतीजुळती. २००४ साली अमेरिकेने इफेड्रायुक्त पूरक गोळ्यांवर बंदी घातली, तेव्हा पुष्कळ उत्पादकांनी हा अर्क वापरला. मागणी तीच, माल बदलला! वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हे चटकन उमगते.

सिनेफ्रिनने, विशेषतः कॅफीनबरोबर, नाडी व रक्तदाब वाढू शकतो. शिवाय या फळाच्या रसातील फ्युरानोकुमारिन द्रव्ये आतड्यातील औषध-विघटक विकराला अडवतात; मग फेलोडिपिनसारख्या रक्तदाबाच्या औषधाचे रक्तातील प्रमाण वाढते.

चमचाभर मार्मलेड वेगळा, दाट अर्क वेगळा. काकांनी डबी डॉक्टरांना दाखवली. त्यांनी कॅप्सूल बंद करायला सांगितले. पैसे मात्र बुडीत खाती गेले. असो, काका सुखरूप आहेत, हीच शिल्लक!